रखमाबाई नांदायला गेल्या नाहीत

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारची भांडी आवरून जरा पाठ टेकवली होती, तेवढ्यात ओळखीच्या एक बाई दारात उभ्या. पदराआड धरलेलं एक पाकीट. त्यांची लेक वर्षभरापासून माहेरीच आहे, हे मला ठाऊक होतं. पाकिटात कोर्टाचं समन्स होतं. बायकोनं नांदायला यावं म्हणून जावयानं दावा टाकला होता, तोही पुसदला नाही, शेजारच्या जिल्ह्यात. बाईंनी चहा घेतला नाही की पंखा लावू दिला नाही. त्यांना दोनच गोष्टी विचारायच्या होत्या. तारखेला गेलो नाही तर पोलीस लेकीला धरून नेतील का? आणि हे पाकीट घेतलंच नसतं, पोस्टमनच्या हातून परत पाठवलं असतं, तर बरं झालं असतं का?

पहिल्या प्रश्नाला मी लगेच नाही म्हणून सांगितलं. मुलीला कोणी धरून नेत नाही, तुरुंगातही टाकत नाही. बाईंचा जीव भांड्यात पडला. पण त्या गेल्यावर मला वाटलं, हे जे आपण इतक्या सहज नाही म्हणतो, ते म्हणता येईपर्यंत किती वर्षं गेली! एका मराठी मुलीला याच दाव्यात कोर्टानं सांगितलं होतं, की महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात जा. तिनं तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. तिचं नाव रखमाबाई.

महिला दिनाच्या भाषणात रखमाबाईंचं नाव येतं ते डॉक्टर म्हणून. आनंदीबाई जोशी डॉक्टर होऊन परत आल्या, पण प्रॅक्टिस करायच्या आतच गेल्या. रखमाबाईंनी मात्र पुढं तब्बल पस्तीस वर्षं डॉक्टरी केली. २०१६ साली त्यांच्यावर सिनेमाही निघाला. ते सगळं खरंच आहे. पण माझ्यासारख्या, बायकांबरोबर कोर्टाच्या पायऱ्या चढणाऱ्या बाईला जास्त जवळची वाटते ती डॉक्टर होण्याआधीची रखमा, समन्स हातात पडलेली.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईतला. वडील जनार्दन पांडुरंग, आई जयंतीबाई. रखमा अडीच वर्षांची असताना वडील गेले. तेव्हा आईचं वय सतरा. सतराव्या वर्षी विधवा, कडेवर पोर! या सुतार समाजात विधवेला दुसरं लग्न करायला मोकळीक होती, एवढं एक बरं होतं. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. हे सखाराम अर्जुन म्हणजे साधी असामी नव्हे. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत, वनस्पतींचे जाणकार होते आणि १८८३ साली मुंबईत निसर्ग अभ्यासकांची जी नामांकित संस्था स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते.

दुसऱ्या लग्नाआधी जयंतीबाईंनी एक शहाणपणाची गोष्ट केली. १८५६ च्या कायद्यानं विधवेला पुनर्विवाह करता येत होता खरा, पण दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क जायचा. म्हणून त्यांनी ती मिळकत आधीच लेकीच्या नावावर करून दिली. कागद करून ठेवणारी आई! आजही आपल्याकडे किती आया हे करतात?

पण हीच आई लेकीचं लग्न अकराव्या वर्षी लावून देते. त्या काळाचं काय सांगावं! नवरा दादाजी भिकाजी, वय एकोणीस, सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातला, घरची गरिबी. ठरलं असं, की मुलानं सासऱ्यांच्या घरी राहून शिकावं, माणूस व्हावं. मुलगी तर घरातच होती. सखाराम अर्जुन डॉक्टर माणूस, कोवळ्या वयात मुलीला संसाराला जुंपण्याच्या ते विरोधात होते. त्यामुळे लग्न लागलं, पण नवराबायकोचा संसार सुरू झाला नाही.

दादाजींना शिक्षण काही रुचलं नाही. ते मामाच्या घरी राहायला गेले, तिथंच रमले. त्या घराचं वळण चांगलं नाही, असं रखमाच्या घरच्यांचं मत होतं. इकडे रखमा वाढत होती. शाळा लग्नाबरोबरच सुटली, पण मिशनच्या वाचनालयातून पुस्तकं आणायची आणि घरी बसून वाचायची. इंग्रजी असं शिकली. वडिलांकडे येणारी माणसं सुधारक विचारांची, त्यांचं बोलणं कानावर पडायचं. एकोणीस वर्षांची होईपर्यंत या मुलीचं मन पक्कं झालं होतं. जे लग्न मला काही कळत नसताना लावलं, त्या लग्नापायी मी त्या घरात जाणार नाही.

मार्च १८८४ मध्ये दादाजींच्या वकिलांचं पत्र सखाराम अर्जुन यांना आलं. बायकोला अडवून ठेवू नका, पाठवून द्या. थोडक्यात आपल्याकडे येते तशीच नोटीस. उत्तर गेलं की मुलीला कोणी अडवलेलं नाही, तिचीच यायची इच्छा नाही. मग दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा टाकला.

आता हा नांदवण्याचा दावा मुळात आला कुठून, ते सांगते, कारण मलाही हे फार उशिरा कळलं. आपल्याकडे नांदायला जा म्हणून भावकी, पंच, जातगंगा दबाव आणत, ते काही थोडं नव्हतं. पण बाईनं नाही म्हटलं तर तिला तुरुंगात घाला, असा दावा आपल्या धर्मशास्त्रात नव्हता. तो इंग्लंडातल्या चर्चच्या कोर्टांचा. तिथं नवराबायकोचे तंटे पाद्री मंडळींची कोर्टं चालवत. इंग्रजांनी मुंबईत १८६२ साली हायकोर्ट उघडलं, तेव्हा तिकडच्या वेगवेगळ्या कोर्टांची कामं इथं एकाच छपराखाली आली. समुद्रावरच्या जहाजांचे तंटे तिथंच, मृत्युपत्रांचे तिथंच, नेहमीचे दिवाणी दावे तिथंच. बोटीच्या भाड्याचा वाद आणि बायको नांदत नाही हा वाद, दोन्ही त्याच इमारतीत! पुढं १८६७ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं एका मुसलमान जोडप्याच्या प्रकरणात असा दावा हिंदुस्थानातही चालतो असं ठरवलं, आणि मग हिंदूंचेही दावे येऊ लागले. म्हणजे जो दावा पुढं आमच्या संस्कृतीचा आधार म्हणून मिरवला गेला, तो बोटीतून आलेला!

आणि एक गंमत बघा. ज्या १८८४ साली दादाजींनी दावा टाकला, त्याच साली इंग्लंडनं स्वतःच्या बायकांसाठी ही तुरुंगाची शिक्षा काढून टाकली. आपल्याकडे मात्र १८८२ च्या दिवाणी कायद्यात, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेत, कलम २६० होतं. नांदण्याचा हुकूमनामा झाला आणि तो पाळला नाही, तर तुरुंग, मिळकतीची जप्ती किंवा दोन्ही. चोरी नाही, मारामारी नाही, साधा दिवाणी दावा, आणि तरी तुरुंग. खटल्यात कायद्याचे मोठमोठे मुद्दे झाले, पण रखमाबाईंच्या गळ्याशी आलेला फास होता तो हाच. प्रक्रियेचं एक कलम.

रखमाबाईंच्या बाजूनं कोर्टात उभ्या राहिलेल्या वकिलांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते, जे पुढं त्याच हायकोर्टात न्यायमूर्ती झाले. त्यांच्या बाजूनं लेखी म्हणणं दिलं गेलं ते असं, की दादाजींची बायकोला सांभाळण्याची ऐपत नाही, त्यांची तब्येत ठीक नाही, आणि ज्या माणसाच्या आश्रयाला ते राहतात ते घर राहण्यासारखं नाही. बारकाईनं पाहिलं तर तीनही कारणं कोर्टाला पटतील अशी बेतलेली आहेत. खरं कारण चौथं होतं. न कळत्या वयात लागलेलं लग्न मला मान्य नाही. पण हे कोर्टात कारण म्हणून चालणार कसं? ते रखमाबाईंनी दुसरीकडे मांडलं. १८८५ च्या जून आणि सप्टेंबरात टाइम्स ऑफ इंडियात एका हिंदू स्त्रीची दोन पत्रं छापून आली, एक बालविवाहावर, दुसरं सक्तीच्या वैधव्यावर. खाली नाव नव्हतं. ती रखमाबाईंची होती, हे नंतर सगळ्यांना कळलं.

याच दिवसांत, एप्रिल १८८५ मध्ये, सखाराम अर्जुन वारले. दावा चालू, निकाल लागायचा आहे आणि पाठीशी उभा असलेला बापमाणूस गेला. घरात आता आई आणि लेक. कोर्टकचेरी असलेल्या घरात पुरुष माणूस गेलं की काय होतं, ते मी आमच्या भागात पाहिलंय. बहुतेक दावे तिथंच मिटतात, बाई गुमान जाते. या दोघी हटल्या नाहीत.

२१ सप्टेंबर १८८५ ला न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल दिला. रखमाबाईंच्या वकिलांना बोलायचीही गरज पडली नाही, त्यांनी दावा फेटाळला. त्यांचा मुद्दा आपल्या भाषेत सांगायचा तर असा. शेजारणीला वाटीभर साखर दिली असेल तर ती परत मागता येते. जी वाटी कधी दिलीच नाही, ती परत कशी मागणार? नवराबायको एकत्र राहत होते आणि एक निघून गेलं, तर परत ये म्हणण्याचा दावा. इथं दोघं कधी एकत्र राहिलेच नाहीत, मग परत कुठून यायचं? आणि एका तरुण मुलीला तिच्या मनाविरुद्ध अशा माणसाच्या हवाली करणं त्यांना माणुसकीला सोडून वाटलं, तेही त्यांनी स्पष्ट नोंदवलं.

झालं! मुंबई-पुण्यात एकच गहजब उडाला. इंग्रज न्यायाधीश आमच्या लग्नसंस्थेत हात घालतात म्हणून वर्तमानपत्रांत लेखांवर लेख आले. लोकमान्य टिळक या प्रकरणात रखमाबाईंच्या विरोधात होते. त्यांच्या ‘मराठा’ पत्रानं हे सगळं इंग्रजी शिक्षणाचं फळ म्हणून पाहिलं. टिळकांविषयी आपल्या सगळ्यांच्या मनात आदर आहे, माझ्याही आहे. पण या बाबतीत ते चुकले असं मला वाटतं, आणि ते म्हणायला मला संकोच वाटत नाही. दुसऱ्या बाजूला बेहरामजी मलबारी, एल्फिन्स्टन कॉलेजचे प्रिन्सिपॉल वर्ड्सवर्थ आणि कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची ही मंडळी रखमाबाईंच्या मदतीला उभी राहिली. बचावासाठी समिती झाली, पैसे उभे राहिले. पंडिता रमाबाईंनी १८८७ साली अमेरिकेत काढलेल्या पुस्तकात या खटल्याची हकिकत लिहिली.

दादाजींनी अपील केलं. २ एप्रिल १८८६ ला मुख्य न्यायमूर्ती सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हींचा निकाल फिरवला. हिंदूंमध्ये सप्तपदी झाली की लग्न पूर्ण झालं, मग एकत्र राहिले होते की नव्हते याला महत्त्व नाही, असा त्यांच्या निकालाचा रोख. दावा पुन्हा चालवा म्हणून खालच्या न्यायाधीशांकडे परत आला. म्हणजे दोन वर्षं झाली आणि गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनवर. ज्यांनी कोर्टाच्या तारखा केल्यात, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

४ मार्च १८८७. न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला, की रखमाबाईंनी महिन्याभरात नवऱ्याकडे नांदायला जावं, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंचं वय बावीस. त्यांनी कळवलं की जाणार नाही, कायद्यात असेल ती शिक्षा भोगीन.

मैत्रिणींनो, इथं मी नेहमी थांबते. आपण ही गोष्ट वाचताना टाळ्या वाजवतो. पण त्या काळी भल्या घरची बाई तुरुंगात जाणं म्हणजे काय, याचा विचार करा. ज्या बाईला रस्त्यानं चालताना लोक बोटं दाखवत, तिनं कैदी म्हणून आत जायचं. सहा महिन्यांनी बाहेर आल्यावर पुन्हा तोच हुकूमनामा दारात उभा असणार नाही, याची खात्री काय? सगळं माहीत असून तिनं हे ठरवलं.

दादाजींनीही त्या साली आपली बाजू मांडणारं पत्रक काढलं, रखमाबाईंनी त्याला लेखी उत्तर दिलं. उणीदुणी चव्हाट्यावर आली. दादाजींना या गोष्टीत सगळे खलनायक करतात. मला मात्र वाटतं, एकोणीस वर्षांच्या त्या गरीब पोरालाही कोणी नीट विचारून बोहल्यावर उभं केलं नसेल. त्याच्या मागं मामा होता, जातवाले होते, आणि रखमाबाईंच्या नावावरची मिळकत होती. त्या मिळकतीवरच डोळा आहे, असं रखमाबाईंच्या बाजूचे लोक म्हणत.

शेवट कसा झाला? पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं, की रखमाबाईंनी व्हिक्टोरिया राणीला पत्र लिहिलं आणि राणीनं लग्न मोडून टाकलं. गोष्ट ऐकायला छान आहे, पण प्रकरण मिटलं ते आपल्या कोर्टात रोज शेकडो प्रकरणं मिटतात तसं, तडजोडीनं. जुलै १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेतले आणि हुकूमनाम्याची अंमलबजावणी सोडून दिली. तुरुंग टळला. पण हुकूमनामा रद्द झाला नाही, आणि लग्नही मोडलं नाही. आज घटस्फोट म्हणतो तशी सोय तेव्हाच्या हिंदू कायद्यात नव्हतीच. दादाजींनी पुढं दुसरं लग्न केलं. त्यांना ती मोकळीक होती. रखमाबाई कायद्याच्या दृष्टीनं दादाजींच्या बायकोच राहिल्या.

एक गोष्ट मनाला खुपते, ती लिहूनच टाकते. रखमाबाई लढू शकल्या याला त्यांची हिंमत कारणीभूत आहेच, पण घरची मिळकत, मुंबईचे नामांकित वकील, वर्गणी गोळा करणारी समिती हेही होतं. आमच्या तालुक्यातल्या तांड्यावरच्या, पाड्यावरच्या एखाद्या मुलीला त्या काळी असं समन्स आलं असतं तर? तिचं नाव कोणत्या पुस्तकात आलं असतं? हायकोर्टापर्यंत न पोचलेल्या अशा किती रखमा गुमान नांदायला गेल्या असतील.

सुटका झाल्यावर डॉ. पीची यांनी रखमाबाईंना डॉक्टर व्हायचा मार्ग दाखवला. १८८९ साली त्या बोटीनं इंग्लंडला गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाल्या, स्कॉटलंडमधल्या परीक्षा दिल्या आणि १८९४ साली ब्रुसेल्सची एम.डी. पदवी घेतली. परत आल्यावर काही काळ कामा हॉस्पिटल, मग १८९५ पासून सुरत. तिथं बायकांच्या दवाखान्यात त्यांनी वीसबावीस वर्षं काम केलं. सुरुवातीला बायका दवाखान्यात बाळंत व्हायला तयार नसत, अपशकुन मानत. तेव्हा रखमाबाईंनी एक गाभण शेळी दवाखान्यात आणली, ती सुखरूप व्याली तेव्हा आजूबाजूच्या बायकांची भीती चेपली, अशी आठवण सांगतात. मला ही आठवण फार आवडते. भाषण देत बसण्यापेक्षा शेळी आणणारी डॉक्टर! १८९० च्या दशकात प्लेगनं गावंच्या गावं ओस पडली, तेव्हाही त्या काम करत राहिल्या. १९१८ पासून राजकोटला. १९२९ च्या सुमारास निवृत्त होऊन मुंबईला आल्या आणि त्या वयातही पडदा पद्धतीविरुद्ध पुस्तिका लिहिली.

१९०४ साली दादाजी वारल्याची बातमी आली. तेव्हा रखमाबाई चाळिशीच्या उंबरठ्यावर. सुरतेच्या मोठ्या डॉक्टरीण. ज्या माणसाच्या घराचा उंबरा त्यांनी कधी ओलांडला नाही, ज्याच्यापायी त्या तुरुंगात जायला निघाल्या होत्या, तो गेल्यावर त्यांनी विधवेसारखं पांढरं लुगडं नेसायला सुरुवात केली, आणि पुढं आयुष्यभर त्या पांढऱ्यातच राहिल्या. याचा अर्थ मला आजवर नीट लागलेला नाही. कोणी म्हणतात समाजाच्या रूढीपुढं त्या नमल्या. मला तसं वाटत नाही. रूढीला भिणारी बाई नव्हती ती. कदाचित, कायद्यानं शेवटपर्यंत बायको म्हणून बांधून ठेवलंत ना, मग हे घ्या, असं काही त्यात असेल. किंवा पांढऱ्या लुगड्यात एकट्या बाईला पुरुषांच्या जगात वावरणं जरा सोपं गेलं असेल. आमच्या ओळखीत एक बाई नवऱ्यानं टाकल्यानंतरही वीस वर्षं मंगळसूत्र घालायच्या, आणि विचारलं तर एसटीत उपयोगी पडतं म्हणायच्या. तसंही असेल.

त्यांच्या खटल्यानं उडालेल्या धुरळ्यात मुलींच्या वयाचा प्रश्न ऐरणीवर आला आणि १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला, दहाचं वय बारावर गेलं. केवढी लढाई आणि केवढी दोन वर्षं! आणि ते कलम २६०? कैदेची तरतूद काढावी असा विचार खटल्यानंतर सरकारदरबारी झाला, पण बारगळला. १९०८ च्या नव्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कैद द्यायची की नाही ते न्यायाधीशाच्या मर्जीवर आलं. १९२३ साली दुरुस्ती होऊन नांदण्याच्या हुकूमनाम्यासाठीची कैद कायमची गेली. फॅरनसाहेबांच्या हुकुमानंतर छत्तीस वर्षांनी. मी त्या बाईंना दारात उभ्या उभ्या जे नाही म्हटलं, ते हे.

दावा मात्र गेला नाही. रखमाबाई २५ सप्टेंबर १९५५ ला नव्वदाव्या वर्षी वारल्या. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा लागू झाला, आणि त्याच्या कलम ९ मध्ये नांदवण्याचा दावा जसाच्या तसा येऊन बसला. फरक एवढा की आता हुकूमनामा होऊन वर्षभरात दोघं एकत्र आले नाहीत तर कोणालाही घटस्फोट मागता येतो. आंध्रच्या हायकोर्टानं १९८३ साली हे कलम घटनाबाह्य ठरवलं होतं. सुप्रीम कोर्टानं १९८४ साली ते वैध धरलं. ज्या इंग्लंडकडून हे आपण घेतलं, त्यांनी १९७० च्या कायद्यानं हा दावाच काढून टाकला.

आमच्याकडे येणाऱ्या प्रकरणांत बरेचदा दिसतं, की बाई पोटगी मागते आणि लगेच नवऱ्याचा नांदायला ये म्हणून दावा येतो. म्हणजे कोर्टात सांगायला मोकळा, की मी तर बोलावतोय, हीच येत नाही, मग पोटगी कशाची? यावर १० जानेवारी २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आलाय तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. नांदण्याचा हुकूमनामा बायकोच्या विरोधात गेला आणि ती गेली नाही, तरी तेवढ्यावरून तिची पोटगी बुडत नाही. ती का गेली नाही, ते कोर्टानं पाहिलं पाहिजे.

आता त्या बाईंचा दुसरा प्रश्न राहिला. पाकीट परत पाठवलं असतं तर? तर सगळ्यात वाईट झालं असतं. पाकीट नाकारलं तरी ते पोचलंच असं कोर्ट धरतं, मग तारखेला आपण नसलो की एकतर्फी निकाल. मुलीचं म्हणणं कागदावर येतच नाही. मारहाण, दारू, हुंडा, काय असेल ते मनातच राहतं. पोलीस येत नाहीत, पण मिळकत असेल तर दरखास्तीत जप्ती येऊ शकते, आणि वर्षानं घटस्फोटाचा कागद. रखमाबाईंनी केलं ते एवढंच होतं, त्यांनी पाकीट घेतलं आणि उत्तर दिलं.

खर्चाचं म्हणाल तर कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्यानं कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, वकील फुकट मिळतो. दावा लांबच्या कोर्टात असेल तर तो आपल्याकडे वर्ग करून मागता येतो. चालू दाव्यात खर्च आणि अंतरिम पोटगी कलम २४ खाली मागता येते.

दुसऱ्या दिवशी मायलेकी आल्या. मुलगी बारावी झालेली, बोलायला लाजणारी. आईच सारखी मध्ये बोलत होती, तिला मी दोनदा गप्प केलं. मग मुलीनं वहीच्या पानावर आपल्या हातानं लिहून काढलं, ती का जात नाही ते. साडेतीन पानं झाली. विधी सेवेच्या वकीलबाईंनी त्याची कैफियत तयार केली आणि तारखेला आम्ही तिघी सकाळच्या सहाच्या एसटीनं गेलो. त्या दिवशी साहेब रजेवर होते, पुढची तारीख मिळाली. पण कैफियत दाखल झाली, तिच्यावर शिक्का बसला. मुलीनं तो शिक्का बसलेला कागद घरी येईपर्यंत पर्समध्ये ठेवला नाही, हातातच धरून ठेवला होता.